रॉबर्ट हॅरिसनची मासिके : हद्दपार झालेल्या बर्लेस्कचा छापील मुक्काम

जुनेअंक (धागालेखक)

पिनअप मासिकांचा, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगी तरुणींची चित्रे छापणाऱ्या मासिकांचा, विषय निघाला की चर्चा बहुधा 'प्लेबॉय'पासून सुरू होते आणि तिथेच संपते. त्याआधीची बारा-चौदा वर्षे अमेरिकेच्या वृत्तपत्रविक्रेत्यांकडे पंचवीस सेंटला मिळणाऱ्या एका वेगळ्याच प्रकारच्या मासिकांनी गाजवली होती, आणि त्यांचा इतिहास मला 'प्लेबॉय'पेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट हॅरिसन या न्यू यॉर्कच्या प्रकाशकाने १९४१ साली 'ब्यूटी परेड' काढले. त्यापाठोपाठ 'आयफुल', 'टिटर', 'विंक', 'व्हिस्पर' आणि १९४७ साली 'फ्लर्ट' अशी भावंडे आली. १९५५ च्या सुमारास पिनअपचे हे घराणे संपले. या धाग्यात मला एकच गोष्ट मांडायची आहे : न्यू यॉर्क शहराने हद्दपार केलेला बर्लेस्क हा रंगमंचीय प्रकार या मासिकांच्या पानांवर मुक्कामाला आला होता, आणि म्हणून ती नुसती चित्रे म्हणून न पाहता एका बंद पडलेल्या नाट्यपरंपरेचा दस्तऐवज म्हणून वाचली पाहिजेत.

आधी रंगमंचाविषयी. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन ही इंग्लिश नटी आपली 'ब्रिटिश ब्लाँड्स' ही मंडळी घेऊन न्यू यॉर्कला आली, तेव्हा बर्लेस्क म्हणजे प्रतिष्ठित नाटकांची गाण्या-बजावण्यातून उडवलेली खिल्ली होती. पुढे त्यात विनोदवीरांच्या जोड्या, समूहनृत्ये आणि शेवटी वस्त्रे एकेक करून उतरवण्याचे नृत्य आले. मिन्स्की बंधूंनी हाउस्टन स्ट्रीटवरच्या नॅशनल विंटर गार्डनमध्ये हा खेळ कामगार आणि स्थलांतरितांच्या वस्तीत रुजवला, आणि जागतिक मंदीच्या काळात, ब्रॉडवेवरची नाट्यगृहे रिकामी पडू लागल्यावर, तो थेट बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत पोहोचला. महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांना तो मान्य नव्हता. मे १९३७ मध्ये बर्लेस्क नाट्यगृहांच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले गेले. काही गृहे नंतर उघडली, पण त्यांना जाहिरातीत 'बर्लेस्क' हा शब्द आणि 'मिन्स्की' हे नाव वापरण्याची बंदी झाली. १९४२ मध्ये उरलेलीही बंद झाली.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. 'ब्यूटी परेड' १९४१ च्या अखेरीस येते, म्हणजे शहरातला खेळ शेवटच्या घटका मोजत असताना. 'आयफुल'च्या मुखपृष्ठावरचे घोषवाक्य 'अमेरिकन तरुणीचा गौरव' अशा अर्थाचे आहे, आणि ते ब्रॉडवेचा निर्माता झिगफेल्ड याच्या रंगमंचीय दिमाखातून जसेच्या तसे उचललेले आहे. आतली पाने उघडली की नुसती सुट्टी छायाचित्रे फारशी दिसत नाहीत. दिसतात त्या क्रमांक घातलेल्या चित्रकथा : मालकीण आणि मोलकरीण, दुकानातला विक्रेता आणि गिऱ्हाईक, जंगलात हरवलेला प्रवासी, बायकांची कुस्ती. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचा कोटीबाज मजकूर, आणि शेवटच्या चौकटीत कुणाची तरी फजिती. हा साचा बर्लेस्कच्या विनोदी प्रवेशाचाच आहे. तिथेही चार-पाच मिनिटांचा प्रवेश असे, पात्रे ठरलेली असत, अधिकाराच्या जागेवरचा पुरुष शेवटी तोंडघशी पडे आणि दिवे मालवत.

हॅरिसनच्या पूर्वायुष्यात याचे आणखी एक मूळ सापडते. तरुणपणी तो बर्नार मॅकफॅडनच्या 'न्यू यॉर्क ईव्हनिंग ग्राफिक' या सनसनाटी दैनिकात होता. या दैनिकाने 'कंपोझोग्राफ' नावाचा प्रकार रूढ केला होता. ज्या प्रसंगाचे छायाचित्र मिळणे अशक्य, तो प्रसंग माणसे उभी करून कचेरीत घडवायचा, त्याचे छायाचित्र काढायचे, चेहरे कापून चिकटवायचे आणि छापायचे. १९२५ च्या ऱ्हाइनलँडर खटल्यात न्यायाधीशांच्या दालनात घडलेला प्रसंग त्यांनी एका नर्तिकेला उभे करून असाच 'दाखवला' होता. प्रसंग रचून छायाचित्र घेण्याची ही सवय हॅरिसनने आपल्या मासिकांत आणली. त्याच्या अनेक चित्रकथा अगदी किरकोळ नेपथ्यावर घेतलेल्या आहेत, आणि काहींत तर पुरुष पात्राची गरज भासल्यावर तो स्वतःच शिकारी टोपी घालून उभा राहिलेला दिसतो. नाटक मंडळीचा मालक ऐनवेळी तोंडाला रंग लावतो त्यातलाच हा प्रकार.

चित्रकार, कायदा आणि या स्त्रियांचे जगणे यांवर इथे जाणकार लिहितील अशी आशा आहे.

रंगपेटी

धागा अतिशय आवडला. मुखपृष्ठांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

हॅरिसनच्या सर्व मासिकांना एक चेहरा देणारा चित्रकार म्हणजे पीटर ड्रिबेन. जन्म बॉस्टनचा, १९०३ च्या सुमाराचा. कलाशिक्षण तिथे आणि नंतर पॅरिसला. त्याने हॅरिसनसाठी इतकी मुखपृष्ठे केली की अमेरिकेतल्या कोणत्याही वृत्तपत्रविक्रेत्यासमोर उभे राहिले तर एकाच वेळी त्याची तीन-चार चित्रे नजरेस पडत असणार. त्याची रीत पक्की होती : मागे एकच सपाट भडक रंग, बहुधा पिवळा, लाल किंवा निळा, पुढे संपूर्ण आकृती, पायमोजे, उंच टाचा, आणि एखादी वस्तू, म्हणजे दूरध्वनी, कुत्रा, टोपीचा खोका, जिच्यामुळे प्रसंग कळतो. मासिकाचे नाव मोठ्या अक्षरांत आकृतीच्या मागून डोकावते. वीस फुटांवरून, पावसात, चालत जाणाऱ्या माणसाला दिसले पाहिजे असे हे चित्र आहे. त्यामुळे त्यात वातावरणनिर्मितीला जागा नाही, आणि मला तीच त्याची शिस्त वाटते.

त्याच काळातल्या इतर दोन घराण्यांशी तुलना केली की ड्रिबेनचे वेगळेपण समजते. 'एस्क्वायर' या पुरुषांसाठीच्या मासिकात आधी जॉर्ज पेटी आणि १९४० पासून पेरूमधल्या आरेकिपा इथे जन्मलेला अल्बर्टो वर्गास. वर्गासचे काम जलरंगाचे आणि हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचे. त्यामुळे त्याच्या स्त्रिया पांढऱ्या कागदावर तरंगतात, त्यांना जमीन नाही, घर नाही, नाव नाही. दुसरे घराणे कॅलेंडरांचे. मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या ब्राउन अँड बिगेलो या कंपनीसाठी गिल एल्व्हग्रेन कॅनव्हासवर तैलरंगात काम करी. तो आधी मॉडेलला सर्व सामानासह आपल्या चित्रशाळेत उभी करून छायाचित्र घेई आणि मग रंगवताना पाय लांब करी, कंबर बारीक करी, भुवया उंचावी. त्याच्या स्त्रीचा फ्रॉक कुंपणात अडकतो, हातातून सामान सांडते. ही सारी दुकानदाराने गिऱ्हाइकाला वर्षअखेर भेट देण्याची कॅलेंडरे असत, गॅरेजच्या भिंतीवर वर्षभर टांगलेली राहत, म्हणून त्यांत एक सोज्वळपणा सांभाळलेला आहे.

ड्रिबेन या दोहोंच्या मधला. त्याची स्त्री आपण पाहिली जात आहोत हे जाणते आणि थेट आपल्याकडे पाहून हसते. जुनेअंक यांच्या मांडणीला याचा आधार मिळतो, कारण प्रेक्षकाकडे थेट पाहणे हे रंगमंचाचे लक्षण आहे. एल्व्हग्रेनची मुलगी अपघाताने पकडली जाते. ड्रिबेनची मुलगी पडद्याआडून प्रवेश घेते.

या क्षेत्रात स्त्री चित्रकारही होत्या, हे फार कमी सांगितले जाते. झोई मोझर्ट ब्राउन अँड बिगेलोसाठी काम करी आणि कित्येकदा आरशासमोर स्वतःच मॉडेल होई. स्वतःचे शरीर कसे दाखवायचे हे तिने स्वतः ठरवले, मोबदला घेतला आणि चित्रावर सही केली.

विंगेतून

मी हौशी रंगभूमीवर काम करते, त्यामुळे मुख्य मांडणीविषयी माझी एक शंका मनापासून मांडते. चित्रकथेचा साचा बर्लेस्कच्या प्रवेशाचा आहे, हे पटले. परंतु बर्लेस्कमधली नटी आणि मासिकातली मॉडेल यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते या मांडणीत बुजते.

जिप्सी रोझ ली हिचेच उदाहरण घ्या. सिएटलला जन्मलेली ही मुलगी लहानपणापासून व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या, फिरत्या खेळांत वाढली आणि १९३० च्या दशकात मिन्स्कींकडे नावारूपाला आली. तिच्या प्रयोगात ती फारसे काही उतरवत नसे. ती बोलत असे. हातमोजा काढता काढता साहित्य, चित्रकला, शहरातले बडे लोक यांवर शेलकी वाक्ये टाकी आणि प्रेक्षक त्या वाक्यांना हसत. वेळ तिच्या हातात होती. कधी थांबायचे, किती वेळ ताटकळत ठेवायचे, कुणाकडे पाहून वाक्य टाकायचे, हे सगळे तिचे. सॅली रँडने १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात शहामृगाच्या पिसांचे दोन प्रचंड पंखे घेऊन नृत्य केले, तेव्हाही संपूर्ण कौशल्य पंखे हलवण्याच्या गतीत होते. प्रेक्षकाने काय पाहिले आणि काय पाहिल्यासारखे वाटले, यातला फरक ती सांभाळत होती.

मासिकात हे दोन्ही नाही. वेळ वाचकाच्या हातात गेली. तो पान उलटतो, थांबतो, मागे येतो. आणि मॉडेलला स्वतःचे वाक्य उरले नाही, कारण चित्राखालचा कोटीबाज मजकूर संपादकाने लिहिलेला आहे. म्हणून मी असे म्हणेन की बर्लेस्कमधला विनोदवीर मासिकात पोहोचला, नर्तिकेचे शरीर पोहोचले, तिचा आवाज मात्र न्यू यॉर्कच्या नाट्यगृहांबरोबर मागे राहिला.

शिवाय रंगमंच पूर्ण संपलाही नव्हता. हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सीतल्या युनियन सिटीला हडसन थिएटर १९५० च्या दशकातही सुरू होते आणि न्यू यॉर्कचे प्रेक्षक बसने तिकडे जात. लिली सेंट सिर मॉन्ट्रियलच्या गेयटी थिएटरमध्ये राज्य करत होती. १९५१ साली लॉस एंजेलिसच्या सिरोज या नाइट क्लबमधल्या तिच्या स्नानाच्या नृत्यावरून तिला अटक झाली, जेरी गीस्लर या नामांकित वकिलाने तिची बाजू लढवली आणि ती निर्दोष सुटली.

जुनेअंक

विंगेतून, आपला मुद्दा फार मोलाचा आहे आणि त्याने धाग्याला वजन आले. नटीचा आवाज मासिकात हरवला, याच्याशी मी सहमत आहे. वेळेविषयी मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते.

क्रमांक घातलेल्या चित्रांची मालिका हा गेलेला वेळ पानावर परत आणण्याचाच प्रयत्न होता. एका पानावर सहा चित्रे असतात, पहिल्यात स्त्री बाहेर जाण्याच्या पूर्ण पोशाखात, शेवटच्यात झोपण्याच्या. मधली चार चित्रे केवळ विलंबासाठी. संपूर्ण नग्नता हॅरिसनच्या या मासिकांत नाही. टपाल खात्याची भीती हे त्याचे व्यवहारी कारण आहेच, पण त्याच कारणाने रंगमंचावरही शेवटचे वस्त्र राहत असे. दोन्हीकडे कायद्याने आखलेली रेघ हाच कलेचा आधार झाला. 'प्लेबॉय'ने डिसेंबर १९५३ मध्ये एकच मोठे रंगीत छायाचित्र मधल्या पानांवर दिले, तेव्हा ही मालिका, हा विलंब आणि हा विनोद सगळेच अनावश्यक ठरले. मला तो बदल प्रगतीचा वाटत नाही.

संपादनाविषयी एक भर घालतो. चित्रांखालचा मजकूर नेहमी पुरुषच लिहीत, असे नव्हे. ईडिथ फॅरेल ही 'पोलीस गॅझेट'ची अनुभवी संपादिका हॅरिसनकडे आली होती, आणि चाबूक, साखळ्या, उंच बूट यांची जी लाट या मासिकांत पुढे दिसते, तिच्यामागे तिचा मोठा हात होता. त्यामुळे यातली पुरुषांची फजिती कुणाच्या कल्पनेतून आली, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

निशिगंध

या स्त्रियांना पैसे किती मिळत आणि पुढे त्यांचे काय झाले, याविषयी कोणी लिहील का? सौंदर्याची चर्चा वाचताना मला सतत तोच प्रश्न पडतो.

जर्सीकर

निशिगंधताई, हा प्रश्न आपण विचारलात हे बरे झाले. मी अनेक वर्षे इकडे अमेरिकेत राहतो आणि या काळाचे बरेच वाचन केले आहे, म्हणून दोन स्त्रियांविषयी सांगतो.

पहिली मेरिलिन मन्रो. मे १९४९ मध्ये, हातात काम नसताना, तिने टॉम केली या छायाचित्रकारासाठी लाल मखमलीवर नग्न छायाचित्रे दिली. मोबदला ५० डॉलर. संमतिपत्रावर तिने खरे नाव न लिहिता 'मोना मन्रो' अशी सही केली. ती छायाचित्रे शिकागोजवळच्या जॉन बॉमगार्थ कंपनीच्या कॅलेंडरवर आली. १९५३ साली ह्यू हेफनरने त्याच कंपनीकडून एका छायाचित्राचे हक्क ५०० डॉलरना घेतले आणि 'प्लेबॉय'चा पहिला अंक काढला. तो अंक ५० हजारांहून अधिक खपला. मन्रोला त्यातला एक सेंटही मिळाला नाही, आणि कायद्याने तो मिळण्याची सोयही नव्हती, कारण हक्क सहीबरोबर गेले होते.

दुसरी बेटी पेज, जी हॅरिसनच्या 'आयफुल', 'टिटर', 'विंक', 'ब्यूटी परेड' या सर्वांत दिसते. जन्म २२ एप्रिल १९२३, नॅशव्हिल, टेनेसी. बालपण गरिबीचे, काही काळ अनाथाश्रमातही गेले. शाळेत हुशार होती, पीबॉडी कॉलेजची पदवी घेतली, शिक्षिका होण्याचा प्रयत्न केला. १९५० मध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर जेरी टिब्स या पोलीस शिपायाशी तिची गाठ पडली. त्याला छायाचित्रणाचा छंद होता, आणि कपाळावरचे सरळ कापलेले केस ही तिची ओळख त्याच्याच सल्ल्याने झाली. पुढे न्यू यॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर अर्व्हिंग क्लॉ आणि त्याची बहीण पॉला यांच्या दुकानासाठी तिने काम केले. हे दुकान टपालाने छायाचित्रे विकत असे. बनी यीगर या मायामीच्या, स्वतः आधी मॉडेल असलेल्या छायाचित्रकार स्त्रीने तिची काढलेली छायाचित्रे मला सर्वांत मोकळी वाटतात. त्यांपैकी एक, डोक्यावर नाताळबाबाची टोपी घातलेले, जानेवारी १९५५ च्या 'प्लेबॉय'मध्ये मधल्या पानावर आले.

१९५७ च्या सुमारास तिने हे क्षेत्र सोडले. नंतरची वर्षे धर्मप्रसार, मोडलेली लग्ने आणि गंभीर मानसिक आजार यांत गेली, आणि अनेक वर्षे रुग्णालयात काढावी लागली. याच काळात, १९८० च्या दशकात, तिची जुनी छायाचित्रे पुन्हा छापली जात होती, तिच्यावरून चित्रकथांतली पात्रे रेखाटली जात होती, आणि तिला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. डेव्ह स्टीव्हन्स या चित्रकाराने आपल्या चित्रकथेत तिच्यासारखी नायिका वापरली होती. ती हयात आहे हे कळल्यावर त्याने तिला मोबदला दिला आणि इतरांकडून मिळवून देण्यासाठीही खटपट केली. आयुष्याच्या अखेरच्या काळात तिला आपल्या प्रतिमेचे पैसे मिळू लागले. ११ डिसेंबर २००८ रोजी तिचे निधन झाले.

एक गोष्ट आणखी नोंदवतो. हॅरिसनच्या मासिकांतल्या स्त्रिया जवळजवळ सर्व गोऱ्या आहेत. कृष्णवर्णीय नर्तिका त्या काळात होत्या, पण त्यांचे दौरे, त्यांची नाट्यगृहे आणि त्यांचे मानधन वेगळे. त्यांची छायाचित्रे शोधायची तर शिकागोच्या जॉन्सन पब्लिशिंगच्या 'जेट'सारख्या, १९५१ मध्ये सुरू झालेल्या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकाकडे वळावे लागते. 'दस्तऐवज' म्हणून ही मासिके वाचायची असतील तर त्यांत कोण नाही, हेही त्या दस्तऐवजाचाच भाग आहे.

कलम२९२

वकिलीमुळे या विषयाकडे मी कायद्याच्या अंगाने पाहतो. टपालाचा उल्लेख वर आला आहे. त्याचे महत्त्व पुरेसे स्पष्ट व्हावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील मजकूर टपालाने पाठवणे अमेरिकेत गुन्हा ठरले होते. पण मासिकांना खरा धाक होता तो द्वितीय श्रेणीच्या टपाल सवलतीचा. ही सवलत गेली की मासिक पाठवण्याचा खर्च इतका वाढे की खटल्याची गरजच उरत नसे. १९४३ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक वॉकर यांनी 'एस्क्वायर'ची सवलत काढून घेतली. मजकूर अश्लील आहे असा त्यांचा मुख्य आधारही नव्हता. ही सवलत मिळण्याइतके हे मासिक सार्वजनिक हिताचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्गासची चित्रे त्या सुनावणीच्या केंद्रस्थानी होती. सवलत गेल्याने वर्षाला सुमारे पाच लाख डॉलरचा बोजा पडणार होता. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने 'एस्क्वायर'च्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा, की कोणते साहित्य चांगले आणि कोणते वाईट हे ठरवण्याचा अधिकार टपाल अधिकाऱ्याला देता येणार नाही.

त्यानंतर १९५५ मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांची बालगुन्हेगारीविषयक उपसमिती न्यू यॉर्कला बसली आणि अर्व्हिंग क्लॉ याला पाचारण करण्यात आले. बेटी पेजलाही बोलावले होते, पण तिची साक्ष झाली नाही. क्लॉ याने पुढे आपल्याकडच्या बहुतेक निगेटिव्ह जाळल्या. आज जे शिल्लक आहे ते पॉला क्लॉ हिने भावाच्या नकळत काही बाजूला ठेवल्यामुळे.

१९५७ च्या रॉथ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी सोडून दिली. ही १८६८ ची इंग्लिश कसोटी. तिच्यानुसार सुटा उतारा सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम करील, एवढेच पाहायचे. रॉथ निकालाने सर्वसाधारण माणूस, समकालीन समाजाचे मापदंड आणि संपूर्ण कृतीचा मुख्य आशय यांना महत्त्व दिले. खुद्द प्रकाशक सॅम्युएल रॉथ याची शिक्षा मात्र कायम राहिली.

इथे आपला संबंध येतो. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर डी. एच. लॉरेन्सची कादंबरी विकल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला झाला. 'रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्यासमोर रॉथ निकाल होता, तरीही त्यांनी हिक्लिन कसोटीच कायम ठेवली. म्हणजे अमेरिकेने टाकून दिलेले माप आपण सात वर्षांनी पुन्हा हातात घेतले, आणि ते पन्नास वर्षे आपल्याकडे राहिले. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात, बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूचे एका क्रीडा मासिकाने छापलेले छायाचित्र अश्लील आहे का, या प्रश्नावर न्यायालयाने हिक्लिन सोडून समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी स्वीकारली. याच कलमाची झळ र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ला त्याआधी कित्येकदा लागली होती, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. कर्वे यांचा हेतू शिक्षणाचा होता आणि हॅरिसनचा धंद्याचा, त्यामुळे त्यांना एका पंक्तीत बसवणे मला मान्य नाही. पण वाचकाचे मन कोवळे समजणारी न्यायाची दृष्टी दोन्हीकडे एकच होती.

विंगेतून

कलम२९२ यांचा प्रतिसाद वाचून एक विचारावेसे वाटले. हॅरिसनची मासिके कायद्याने बंद पडली नाहीत असे दिसते. मग ती संपली कशामुळे?

जुनेअंक

मुख्यतः हॅरिसनला स्वतःला दुसरा, कितीतरी फायद्याचा धंदा सापडल्यामुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मासिके तोट्यात आली होती. त्याच वेळी सिनेटर केफॉव्हर यांच्याच, पण संघटित गुन्हेगारीवरच्या आधीच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या आणि सगळा देश त्या पाहत बसला. लोकांना पडद्यामागची नावे हवी आहेत हे हॅरिसनने ओळखले. १९५२ च्या अखेरीस त्याने 'कॉन्फिडेन्शियल' काढले, ज्यात चित्रपटतारकांच्या खाजगी आयुष्याच्या बातम्या नावानिशी छापल्या जात. तीन वर्षांत त्याचा खप पन्नास लाखांच्या घरात गेला. 'व्हिस्पर'ही त्याच वाटेला लागले. त्याच सुमारास पिनअपची बाजू 'प्लेबॉय'ने उत्तम कागद आणि सुखवस्तू वाचकासाठीच्या जाहिराती देऊन जिंकली होती, आणि उरलेल्या मासिकांची गरज कुणालाच राहिली नाही. 'कॉन्फिडेन्शियल'चा लॉस एंजेलिसमधला १९५७ चा खटला पंचांचे एकमत न झाल्याने अनिर्णित राहिला. तडजोड म्हणून हॅरिसनने तसल्या बातम्या छापणे थांबवले आणि १९५८ मध्ये मासिक विकले. ड्रिबेन मायामीकडे गेला आणि व्यक्तिचित्रे रंगवू लागला.

विनोद करून हसवणाऱ्या मासिकांतून माणसांची गुपिते फोडणाऱ्या मासिकाकडे झालेला हॅरिसनचा प्रवास मला खरोखर दुःखद वाटतो. आधीच्या मासिकांत स्त्री प्रेक्षकाच्या खेळात सामील होती. नंतरच्या मासिकात तिच्यावर पाळत ठेवली जात होती.

पुठ्ठाबांधणी

जुन्या कागदांच्या जतनाचे काम करत असल्यामुळे व्यवहारातले थोडे लिहितो. संग्रही असे अंक असलेली मंडळी हा धागा वाचत असतील, आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून एके काळी परदेशी मासिकांचे जुने अंक घेतलेलेही काही असतील.

हे अंक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेले आहेत. त्यातले आम्ल कागदाला पिवळा आणि ठिसूळ करते, आणि आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत मधल्या तारेच्या टाचण्या गंजून घडीवरची पाने आधी सुटतात. गंजलेली टाचणी ओढून काढू नये. पान बाहेर न ताणता ती आतून उघडून सरळ करावी आणि जागी सुती दोरा घालावा. सेलोटेप कधीही लावू नये, लॅमिनेशन तर नाहीच. पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा एवढे पुरते. अंक आडवे ठेवावेत, एकावर एक दहापेक्षा जास्त नकोत. विकत घेताना मधली पाने मोजावीत, कारण भिंतीवर लावण्यासाठी नेमकी तीच कापलेली असतात. मुखपृष्ठे पुन्हा छापून विकण्याचाही मोठा धंदा आहे. भिंग लावून पाहिले की जुन्या छपाईतले रंगांचे ठिपके स्वच्छ, सुटे दिसतात. मुद्रित प्रतीवरून पुन्हा छापलेल्या पानात ते एकमेकांत मिसळून धूसर होतात.

सार्वजनिक ग्रंथालयांनी ही मासिके जपण्याजोगी मानली नाहीत, त्यामुळे आज अभ्यासकाला इंडियानातल्या ब्लूमिंग्टन इथल्या, लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या किन्सी इन्स्टिट्यूटसारख्या मोजक्या ठिकाणी जावे लागते. त्या संस्थेलाही परदेशातून मागवलेले साहित्य कस्टमने अडवल्यामुळे न्यायालयात जावे लागले होते, आणि १९५७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

जर्सीकर

पुठ्ठाबांधणी यांच्या यादीत एक जागा जोडतो, कारण ती या स्त्रियांनी स्वतः उभी केली. जेनी ली या नर्तिकेने १९५५ मध्ये बर्लेस्क नर्तिकांची एक संघटना बांधली, जिचा मुख्य आग्रह वेतन आणि कामाच्या जागेतील वागणुकीचा होता. नाट्यगृहे बंद होत गेली तशी ती सहकारी नर्तिकांचे पोशाख, पंखे, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे गोळा करू लागली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या हेलेंडेल इथे एका जुन्या शेतावर त्यांचा संग्रह झाला. जेनी लीच्या मृत्यूनंतर डिक्सी इव्हान्स हिने तो सांभाळला. १९५० च्या दशकात ती मन्रोची नक्कल करण्यासाठी प्रसिद्ध होती. आज तो संग्रह लास व्हेगासमध्ये 'बर्लेस्क हॉल ऑफ फेम' या नावाने खुला आहे. विंगेतून, आपण म्हणालात तो मागे राहिलेला आवाज ऐकायचा असेल तर मासिकांबरोबर तिथल्या वृद्ध नर्तिकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींकडेही वळावे लागेल. त्यांत त्या आपल्या प्रयोगांविषयी, मालकांविषयी आणि बुडवलेल्या पैशांविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतात.